दोनवरच

"बाई, ही तर अजून अर्धी भरलेली आहे," ऑक्सिजनची टाकी परत न्यायला आलेला माणूस म्हणाला.

"काहीतरीच काय! काटा बिघडला असेल तुमचा." सदतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं माणूस आधी काट्यावरच संशय घेतं.

त्याने टाकी पलंगाच्या उशाशीच मांडलेल्या वजनकाट्यावर पुन्हा चढवली. "त्रेसष्ट किलो. रिकामीचं वजन अठ्ठावन्न, हे काय, इथे कोरलंय. म्हणजे आत पाच किलो आहे."

बाईंना कोरलेलं दिसलं नाही. मोतीबिंदूने डोळ्यांचं पार मातेरं केलं होतं. पण आकडे कानावर पडले की डोकं आपोआप सुरू व्हायचं. बत्तीस ग्रॅमचा एक मोल, म्हणजे पाच किलोचे एकशे छप्पन्न, वर पाव. मोलाला बावीस पूर्णांक चार लिटर. साडेतीन हजार लिटर शिल्लक. भरलेल्या टाकीत सात हजार असतात. म्हणजे गेले फक्त साडेतीन हजार.

हे शक्यच नव्हतं. टाकी बुधवारी सकाळी आठला लावली आणि शुक्रवारी आठला, यजमानांचा श्वास थांबल्यावर, बाईंनीच बंद केली. अठ्ठेचाळीस तास. मिनिटाला दोन लिटर, कमी करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पावणेसहा हजार तरी जायला हवे होते.

टाकीच्या तोंडाशी काचेच्या नळीत वर-खाली होऊन मिनिटाला किती लिटर जातंय ते दाखवणारी बारीकशी गोळी बाईंना दिसायची नाही. ती यजमान बघून सांगायचे. त्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. बारीक कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मोल मात्र चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या डोक्यात शिरला नाही. "बाई, तुमचा मोल आमच्या डोक्यावरून जातो," असं म्हणून हसायचे.

"अहो, दोनवर आहे ना?" बाई उठता-बसता विचारायच्या.

"दोनवरच." हात टाकीवर ठेवून पडलेले असायचे. "गार लागते. बरं वाटतं."

सव्वादोन हजार लिटर वाचले होते. चावी फिरवून गोळी दोनऐवजी एकवर ठेवली तर मिनिटाला एक लिटर वाचतो. सव्वादोन हजार मिनिटं. जवळजवळ अडतीस तास. शुक्रवारी सकाळी आठपासून बाई मागे मोजत निघाल्या आणि बुधवारी संध्याकाळी सहाला येऊन थांबल्या.

बुधवारी सहाला त्या यजमानांच्या पलंगाशी उभ्या राहून फोनवर भांडत होत्या. याच माणसाशी. "शनिवारी सकाळी कसं चालेल? ही शुक्रवारी संध्याकाळी सहाला संपते, हिशेब केलाय मी. मग रात्रभर त्यांनी काय करायचं?" आवाज तुटायला लागला म्हणून त्या गॅलरीत गेल्या. तिथे तो म्हणाला, बरं, शुक्रवारी दुपारी आणतो. आत येतात तो दूध उतू चाललेलं. त्या स्वयंपाकघरात धावल्या. शुक्रवार दुपारचं सांगायचं राहूनच गेलं.

हिशेब अचूक होता. तो मोठ्याने करायला नको होता, एवढंच.

"मी शुक्रवारी दुपारी आलो होतो बाई," तो माणूस ओशाळून म्हणाला. "दारात माणसं जमलेली बघितली आणि तसाच परत गेलो."

"हो. तुम्ही शब्द पाळलात. मीच त्यांना सांगितलं नाही."

त्याने टाकीकडे हात केला. "नेऊ का मग?"

"थांबा जरा."

टाकी अजून त्यांच्या उशाशीच, खिडकीच्या रोजच्या उन्हात उभी होती. बाईंनी चाचपडत पुढे होऊन, गार लागते म्हणून ते ठेवायचे तिथेच हात ठेवला. लोखंड चांगलं तापलेलं होतं.