सीट कव्हर

जर्मनीत नोकरी करणारी सोनम सुट्टी संपवून परत निघाली. मुंबई विमानतळावर सोडायला आईवडीलही गाडीत होते. कसबा बावड्यातल्या घरासमोरून गाडी निघणार, एवढ्यात आईशेजारी मागच्या सीटवर बसलेल्या सोनमला बेल्ट अडकवायचं बक्कल सापडेना. ते नव्या सीट कव्हरखाली दबलं होतं. कव्हर बसवून सहा महिने झाले होते, आजवर कुणाची तक्रार नव्हती.

"मागं बसून कोण बेल्ट लावतंय?" स्टिअरिंगवरून वडील म्हणाले. "तिकडं दोनशेनं गाडी पळवतीस आणि हितं शंभरला भितीस व्हय?"

"तिकडं समोरनं उसाचा ट्रॅक्टर येत न्हाई, पप्पा."

"विमान चुकंल."

"चुकू दे."

सोनम उतरली, घरातून कात्री घेऊन आली आणि सरळ कव्हर कापायला लागली. तीन दुकानं फिरून, दुकानदारांशी भांडून आईनं ते निवडलं होतं. वडिलांना आता बायकोचाच आधार उरला.

"अगं, लेक काय कराय लागलीया बघ की!"

आईनं मांडीवरची पिशवी उचलून बाजूला ठेवली.

"दिसतंय की. सोनू, तुझं झालं की माझ्याबी बाजूचं काप."