फान उस्तादांची जीभ

आमच्या चेंगडूच्या औषधकारखान्यात फान उस्ताद खोकल्यावरचा कंद चाखून तो कुठल्या डोंगरावरचा, हे सांगायचे; खणणारीचं सासूशी पटतं का, तेही. मग डॉक्टर शूबाईंनी कंदाचा अर्क नॅनोकणांत कोंडला; कडूपणा जिभेला कळणारच नाही. पहिला घोट घेऊन उस्ताद म्हणाले, “पोरी, यात औषधच नाही.” “तेच तर आमचं यश. आता जिभेला पेन्शन द्या, उस्ताद.” सगळे हसले, मीसुद्धा. निवृत्तीच्या निरोपाला त्यांना त्याच औषधाच्या बाटल्यांचं खोकं दिलं. घरी त्यांची बायको खोकत होती. जिभेपेक्षा बाईंच्या पदवीवर भरवसा ठेवून त्यांनी हिवाळाभर तिला तेच पाजलं. वसंतात कारखान्यातल्या तपासणीच्या यंत्रानं सांगितलं, त्या बाटल्यांतले कण रिकामेच होते. नवा अर्क कणांत भरण्याआधी चाखायला उस्तादांना सन्मानानं बोलावलं. बायको जाऊन महिना झाला होता. त्यांनी अर्क चाखला, मग साधं पाणी. “दोन्ही कडू,” म्हणाले.