मोडीत

"प्रेसचे हे जुने ब्रेक-लायनर आजच मोडीत काढा, गोडाऊन रिकामं पाहिजे," असं नवे मॅनेजर सामंतसाहेब सकाळी सांगून गेले आणि स्टोअर सांभाळणाऱ्या सालोमीबाई हातोडा घेऊन बसल्या.

खाली येणारी प्रेस जागच्या जागी थांबवणारे हे लायनर वर्षानुवर्षं पडून आतून सुकले होते, पण दिसायला कोरे करकरीत. प्रत्येकावर स्टोअरचा शिक्का ठोकलेला. बाई एकेक उचलत होत्या आणि त्याचे तुकडे करत होत्या.

वालीवचा भंगारवाला दारात टेम्पो लावून हात जोडत होता. "मॅडम, फोडू नका ना! अख्खे द्या, डबल भाव लावतो."

आवाज ऐकून साहेब धावत आले. "अहो सालोमीबाई, मोडीत काढा म्हटलं होतं मी, मोडा नव्हतं म्हटलं!"

"आमच्या भुईगावात दोन्ही एकच, साहेब." हातोडा पुन्हा खाली आला.

"अहो, तो अख्खे मागतोय तर द्या ना. पुढे त्याचं तो बघेल."

"बघेल ना. घासूनपुसून नव्या डब्यात घालेल आणि नवे म्हणून विकेल."

"मग विकू दे की! तुमचं काय जातंय त्यात?"

बाईंचा हातोडा पहिल्यांदाच थांबला.

"गेलं, साहेब. आमच्या स्टॅनीचा, माझ्या लेकाचा हात गेला, दुसऱ्या कारखान्यात, प्रेसखाली. आदल्याच दिवशी नवा लायनर बसवला होता. डबा नवा होता. लायनरवर शिक्का आपल्या स्टोअरचा होता."