चोवीस तासांच्या आत

"वॉरंट नसताना याला अटक का केली?" न्यायाधीशबाईंनी फौजदाराला विचारलं.

"संशयास्पद रीतीने घुटमळत होता, मॅडम. पळून जाईल असं वाटलं."

"घुटमळत कुठे होता?"

"आमच्याच... ठाण्याच्या आवारात."

आरोपी, म्हणजे नाक्यावरचा शिंपी, हात जोडून म्हणाला, "माझं शिलाई मशीन चोरीला गेलंय. तक्रार द्यायला नऊ दिवस खेटे घालतोय, रोज 'उद्या या' म्हणतात. काल अटक झाली आणि चोवीस तासांच्या आत तुमच्यापुढे उभा. साहेबांचे उपकारच आहेत."

बाईंनी शिंप्याला तिथल्या तिथे सोडलं आणि तक्रार फौजदारालाच लिहून घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार ठाण्यावर आला, तर आवारात सतरा माणसं हातात अर्ज घेऊन संशयास्पद रीतीने घुटमळत होती.