कुंडीतला भाऊ

कडेगावच्या विजयमालाला चार पोरी. नागपंचमीच्या आदल्या दिवशी चौघी भावाचा उपवास धरायच्या आणि सासूबाई दरवर्षी विजयमालाकडं बघून म्हणायच्या, "उपवास करत्यात, पर भाऊ कुठं हाय? ते हिला इचारा."

ह्या पंचमीला तिनं मोगऱ्याच्या कुंडीत पाणी ओतलं आणि मातीतनं गांडुळासारखं काळं, चकचकीत काहीतरी वर आलं. त्यानं एवढीशी जीभ काढून दाखवली, तसे विजयमालानं हात जोडले. "आत्ती, या लवकर. पोरींचा भाऊ आला."

सासूबाई हरखल्या. हळद-कुंकू झालं, दूध-लाह्या झाल्या, शिवतेज असं नावबी ठेवून झालं. नातवाला कुणाचा पाय लागू नये म्हणून त्याला शेतात सोडायला गल्लीतल्या जयराज सर्पमित्राला बोलावलं.

जयराजनं तो तळहातावरच घेतला. "आज्जी, ह्यो वाळा साप. लय गरीब. मातीतच ऱ्हातो, मुंग्यांची अंडी खातो, दुधाला तोंड लावत न्हाई. आन डोळ्यानं आंधळा."

"आंधळा तर आंधळा," सासूबाई म्हणाल्या. "पोरगा हाय न्हवं?"

जयराजनं डोकं खाजवलं. "न्हाई वो आज्जी. ह्यांच्यात नर नसतोच, सगळ्या माद्याच. नराबिगर अंडी घालत्यात, त्यातनं परत पोरीच."

विजयमालानं पदर तोंडाला लावला.



"आत्ती, ही पाचवी तरी माझ्यामुळं न्हवं बरं का."