गिल्बर्ट नावाची हाक

"नाव सांग," ट्रेसिडर साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

व्हरांड्यातच भरलेली कचेरी. समोर बेड्या घातलेला काळा मेंढपाळ खाली मान घालून उभा.

"बघितलंत ना, साहेब?" मुकादम उसळला. "महिनाभर हेच चाललंय. हजेरीला 'गिल्बर्ट, गिल्बर्ट' म्हणून घसा फोडतो मी, नि हा मख्ख! जसा काही मी भिंतीलाच बोलावतोय. वर कामही सोडून गेला. माजलाय नुसता!"

साहेबांना नाव ठाऊक नव्हतं थोडंच! ऑस्ट्रेलियाच्या त्या रखरखीत मुलखात पहिल्या मेंढ्या त्यांनीच आणल्या, नद्या शोधल्या, डोंगरांना नावं दिली. आता सरकारने न्यायदानही त्यांच्याकडेच सोपवलेलं. बाळंतपणानंतर बाईसाहेबांना दूध आलं नाही, तेव्हा नदीकाठच्या आदिवासी वस्तीतल्या कुनारीने आपल्या पोराच्या जोडीने साहेबांचा मुलगाही अंगावर पाजला. बाईसाहेबांनी कौतुकाने दोघांचं एकच नाव ठेवलं, गिल्बर्ट. एक हाक मारली की दोन पोरं धावत यायची.

महिन्यापूर्वी साहेबांचा गिल्बर्ट घोड्यावरून पडून गेला. एकुलता एक. तेव्हापासून साहेबांचा जीव एवढ्यासाठीच तळमळत होता, की आपण ते नाव घ्यावं आणि कुणीतरी ओ द्यावी. ओ देणारा उरला होता हा एकटाच. आणि हाच गप्प!

"माझं पोर मातीआड होऊन महिना होतो न होतो, तोवर तू त्याचं नावही टाकलंस?" साहेबांचा आवाज फाटला. "कृतघ्न! सहा महिने तुरुंग. घेऊन जा रे याला!"

किनाऱ्यावरच्या त्या तुरुंगातून नदीकाठचं माणूस परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पायरीवर बसलेली कुनारी उठली. महिनाभर तिच्या डोक्याला पांढरी माती थापलेली होती. ती कशासाठी, हे साहेबांनी कधी विचारलं नव्हतं. आता ही पोरासाठी पाया पडणार, असं त्यांना वाटलं.

"मालक, गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही," ती म्हणाली. "त्या नावाला ओसुद्धा देत नाही. नाव कानावर पडलं की गेलेलं माणूस वाटेतच थांबतं, मागे वळतं. यानं नाव टाकलं ते भावासाठी. माझ्या डोक्यावरची ही मातीही त्याच्याच सुतकाची. आणि तुम्ही रोज संध्याकाळी अंगणात उभे राहून हाक मारता. माझं लेकरू पुढं जाईल कसं, मालक?"

साहेबांनी टेबलावरचा शिक्षेचा कागद बाजूला सारला.

"सोडा त्याला."

"साहेब, हुकूम नाव घेऊन द्यावा लागतो," शिपाई अदबीने म्हणाला. "कुणाला सोडू?"

नाव ओठांवर आलं होतं. साहेबांनी ते गिळलं आणि नुसतं बोट दाखवलं.