मामाची मांडी

जावळ काढायला न्हावीकाका वस्तरा घेऊन बसले होते, पण हर्षल भाचीला, ओवीला, मांडीवर घ्यायला तयार नव्हता.

"दादा, त्या शिक्षेला आठ वर्षं झाली," मृण्मयी म्हणाली.

"पट्ट्यांना काय त्याचं!"

बायकोला, केतकीवहिनीला, मारहाण केल्याबद्दल कोर्टाने त्याच्या मनगटांत कायमच्या पट्ट्या बसवल्या होत्या. छाती धडधडू लागली की त्या हात लुळे पाडायच्या. राग कुठला आणि आनंद कुठला, हे पट्ट्यांना कळत नसे.

"मग यात तुझी काय चूक?"

"माझीच गं. मला थांबता आलं असतं, तर पट्ट्या कशाला लागल्या असत्या?"

मृण्मयीचा जीव खालीवर होत होता. ओवी निसटली तर? वस्तरा लागला तर? तरी भावाच्या गुडघ्याला गुडघा लावून ती बसली आणि ओवीला तिने त्याच्या मांडीवर ठेवलं. मामाकडे बघून ओवी दोन दात दाखवत हसली, आणि त्याचे हात लुळे पडले.

मृण्मयीने त्या लुळ्या हातांखालून आपले हात सरकवून लेकीला घट्ट धरलं.

"रडतोस काय, जावळ तुझं नाही काढत," ती दादाला म्हणाली. "काका, करा सुरू."